बिंगातला दुष्काळ शाळेपर्यंत कसा पोचतो

३ एप्रिल २०२४ रोजी झिम्बाब्वेचे राष्ट्राध्यक्ष एमर्सन म्नंगाग्वा यांनी देशातला दुष्काळ ही राष्ट्रीय आपत्ती असल्याचं जाहीर केलं आणि दोन अब्ज डॉलरची गरज सांगितली. त्याआधी झांबिया आणि मलावीने आणि नंतर नामिबियाने हेच पाऊल उचललं. त्या भागातल्या देशांच्या ‘सादक’ या संघटनेच्या अंदाजाने ६ कोटींहून जास्त लोकांना मदत लागणार होती. सप्टेंबरमध्ये झिम्बाब्वे २०० हत्ती मारून मांस वाटणार अशी बातमी आली आणि ती जगभर फिरली. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, मका घरात आला आणि दुष्काळ बातम्यांतून उतरला.

शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी तो तेव्हा संपला नव्हता. पाऊस एका हंगामात हुकतो, पण त्याचा फटका शाळेला बसायला सहा महिने लागतात, कधी सहा वर्षं. हे कसं घडतं ते कळावं म्हणून एकच जिल्हा जवळून पाहू या. मी बिंगा निवडला, कारण तिथल्या दुष्काळाचं सगळं खापर आभाळावर फोडता येत नाही.

## बिंगा कुठे आहे

झिम्बाब्वेच्या वायव्येला, माताबेलेलँड नॉर्थ प्रांतात, झांबेझी नदीच्या खोऱ्यात. पलीकडच्या काठावर झांबिया. वस्ती दीड लाखाच्या आसपास, बहुतेक टोंगा भाषा बोलणारी. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. झिम्बाब्वेत शेतीच्या दृष्टीने देशाचे पाच पट्टे पाडले आहेत. पहिला भरपूर पावसाचा, पाचवा सगळ्यात कोरडा. बिंगाचा बराचसा भाग चौथ्या-पाचव्या पट्ट्यात मोडतो. पाचव्या पट्ट्यात पाऊस कमी आणि बेभरवशाचा, म्हणून तिथे गुरं पाळावीत, कोरडवाहू पिकांवर विसंबू नये, असं ही वर्गवारीच सांगते. बिंगातली बहुतेक कुटुंबं मात्र अशाच पिकांवर जगतात. आणि या जमिनी त्यांनी स्वतः निवडलेल्या नाहीत.

## धरणाआधी काय होतं

टोंगा लोक पूर्वी झांबेझीच्या अगदी काठावर राहत. त्यांची शेती दुहेरी होती. पावसाळ्यात वरच्या रानात एक पीक, आणि पूर ओसरला की नदीने आणून टाकलेल्या गाळावर, ओल धरून असलेल्या जमिनीत दुसरं. पाऊस दगा देई त्या वर्षीही वरच्या मुलखात पाऊस झालेला असे, नदीला पाणी येई आणि काठावरचे मळे पिकत. वाईट वर्षासाठीची ही त्यांची सोय होती, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली.

१९५५ ते १९५९ या काळात वीजनिर्मितीसाठी करिबा धरण बांधलं गेलं. त्यासाठी दोन्ही काठांवरचे मिळून सुमारे ५७ हजार टोंगा लोक हलवले गेले. उत्तर काठावर १९५८ मध्ये एका गावाने निघायला नकार दिला, तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला आणि ८ जण मारले गेले. पाणी चढू लागल्यावर बेटांवर अडकलेले सहा हजारांहून जास्त वन्यप्राणी ‘ऑपरेशन नोआ’ या मोहिमेत वाचवले, त्याचं जगभर कौतुक झालं. ट्रकमध्ये बसवून नेलेल्या माणसांची तेवढी विचारपूस झाली नाही. त्यांना मिळालेली जमीन मोपानी नावाच्या झाडांच्या जंगलातली, हलकी, नदीपासून दूर. कित्येक ठिकाणी रोग पसरवणाऱ्या त्सेत्से माशीमुळे गुरंही टिकत नव्हती.

आपल्याकडच्या धरणग्रस्तांना यातलं काहीच नवीन वाटणार नाही. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. या लोकांची जमीन गेली आणि त्याबरोबर वर्षातलं दुसरं पीकही गेलं. आता पाऊस हुकला की त्यांच्यापाशी मागचं काहीच उरत नाही. पावसाचा तोच तुटवडा १९५० साली जेवढा झेपत होता, तेवढा आज झेपत नाही.

## एवढं मोठं तळं शेजारी, मग पाण्याची टंचाई कसली?

हा प्रश्न कुणालाही पडेल. साठवणक्षमतेच्या हिशेबात करिबा हा जगातला सर्वात मोठा मानवनिर्मित जलाशय आहे. पण तळ्याचं पाणी खाली आणि बहुतेक गावं वर, आत. ते उचलून शेतापर्यंत न्यायला पंप, पाइप आणि वीज लागते. करिबाची वीज खाणींना आणि शहरांना गेली. बिंगातल्या कित्येक गावांत आणि शाळांत ती आजही नाही. थेट काठावरून पाणी भरावं तर मगरींची भीती. मासेमारीचं बोलायचं तर १९६० च्या दशकाच्या अखेरीस टांगानिका सरोवरातून ‘कापेंटा’ नावाचा लहान मासा आणून इथे सोडला आणि त्याचा मोठा धंदा उभा राहिला. पण त्याला यांत्रिक तराफा लागतो, परवाना लागतो. भांडवल असलेल्यांच्या हाती तो धंदा राहिला.

त्यामुळे गावाचा आणि शाळेचा आधार म्हणजे बोअरवेल आणि तिच्यावरचा हातपंप. झिम्बाब्वेत त्याला ‘बुश पंप’ म्हणतात. त्याचं मूळ रूप १९३३ साली माताबेलेलँडमध्येच तयार झालं. लाकडी ठोकळा, त्यातून जाणारा लांब लोखंडी दांडा, आणि गावातल्या गावात दुरुस्त होईल अशी रचना. यंत्र म्हणून ते फार गुणी आहे. पण भूजल खाली गेलं की प्रत्येक हिसक्याला पाणी कमी येतं, पंपापुढची रांग लांबते, आणि रांगेत उभं राहायला घरातून पाठवलं जातं ते मूल, बहुतेक वेळा मुलगी. सकाळी पाणी भरून मग शाळा. शाळाही जवळ नाही. एका बाजूला दहा-बारा किलोमीटर चालणारी मुलं या जिल्ह्यात आहेत, आणि चिझरिरा राष्ट्रीय उद्यान याच जिल्ह्यात असल्याने वाटेत हत्ती आडवे येणं ही खरीखुरी भीती आहे. कोरड्या वर्षी हत्तीही पाण्याच्या शोधात गावांकडे सरकतात. माध्यमिक शाळा तर आणखी लांब. म्हणून काही मुलं शाळेजवळ झोपडी करून किंवा खोली घेऊन आपली आपण राहतात, स्वतः रांधून खातात. घरून येणारं पीठ संपलं की हे राहणंही संपतं.

## पाऊस किती पडला, आणि कधी पडला

इथे पावसाळा एकच, नोव्हेंबर ते मार्च. मका डिसेंबरच्या आसपास पेरला तर जानेवारी-फेब्रुवारीत त्याला तुरा येतो आणि कणसं धरतात. नेमक्या या दोन-तीन आठवड्यांत पाणी मिळालं नाही तर कणसात दाणा भरत नाही. नंतर कितीही पाऊस पडो, ते पीक परत येत नाही. महिन्याचं सगळं जेवण पहिल्या तीन दिवसांत वाढलं आणि उरलेले सत्तावीस दिवस उपाशी ठेवलं, तरी महिन्याची सरासरी बरोबरच निघते. पावसाच्या सरासरीचं तसंच आहे.

२०२४ मध्ये हेच झालं. झिम्बाब्वे, झांबिया, मलावीच्या मोठ्या पट्ट्यात त्या वर्षीचा फेब्रुवारी शंभरेक वर्षांतला सर्वात कोरडा ठरला. झांबियात मक्याच्या सुमारे २२ लाख हेक्टरपैकी १० लाख हेक्टर वाया गेलं. कारण होतं एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराच्या विषुववृत्ताजवळच्या भागाचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापणं. त्याने जगभरच्या वाऱ्यांची घडी बिघडते. आपल्याकडे ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा देशातला सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला आणि महाराष्ट्राने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तो याच एल निनोच्या वर्षी. आपला हंगाम आधी येतो, त्यांचा नंतर. लातूरचं सोयाबीन आणि बिंगाचा मका एकाच कारणाने काही महिन्यांच्या अंतराने सुकले.

हा हवामानबदलाचाच परिणाम, असं अनेकांनी परस्पर लिहून टाकलं. वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्यूशन या शास्त्रज्ञांच्या गटाने एप्रिल २०२४ मध्ये याचा अभ्यास मांडला. त्यांना मुख्य कारण एल निनोच दिसलं. पावसाच्या त्या तुटवड्यात हवामानबदलाचा ठळक हात त्यांना आढळला नाही. हे सांगायला हवं, कारण एल निनो दर काही वर्षांनी येतोच आणि त्याचा अंदाज काही महिने आधी मिळतो. म्हणजे तयारीला वेळ असतो.

## मग मका सोडून ज्वारी का नाही लावत?

मूळची ज्वारी-बाजरी आफ्रिकेचीच, तिथून ती आपल्याकडे आली. टोंगा लोकांची ती जुनी पिकं आहेत आणि बिंगात आजही होतात. मक्यापेक्षा ती कोरड जास्त सोसतात. सल्ला बरोबर आहे. पण त्याची किंमत कोण मोजतं हे पाहा.

मक्याच्या कणसावर आवरण असतं. ज्वारीचं कणीस उघडं. लाल चोचीचे क्वेलिया पक्षी झुंडीने येतात, हजारोंनी, आणि दाणा भरत आलेलं शेत काही दिवसांत साफ करतात. त्यामुळे दाणा भरायला लागल्यापासून कापणीपर्यंत, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत कुणीतरी शेतात हवं. आपल्याकडे माळ्यावर उभं राहून गोफण फिरवत राखण करतात, तसंच तिथेही डबे बडवणं, ओरडणं, दगड भिरकावणं चालतं. रात्री हत्ती. प्रौढ माणसं मजुरीला किंवा पाण्याला गेलेली, मग राखणीला मुलं. हा काळ मार्च-एप्रिलचा, म्हणजे शाळेच्या पहिल्या सत्राचा. दुष्काळाला तोंड देणारं पीक लावलं तर शाळेचे दिवस जातात, आणि मका लावला तर पीक जाण्याचा धोका. गावात बसून हा निर्णय घेणं बाहेरून वाटतं तितकं सोपं नाही.

## शाळेचं वर्ष आणि भुकेचं वर्ष

झिम्बाब्वेत शाळा जानेवारीत सुरू होते, तीन सत्रं चालते आणि डिसेंबरमध्ये संपते. प्राथमिक शिक्षण सातवीपर्यंत, आणि सातवीच्या शेवटी राष्ट्रीय परीक्षा. पुढे चार वर्षांनी ‘ओ लेव्हल’, साधारण आपल्या दहावीच्या तोडीची. सातवीची परीक्षा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला, ओ लेव्हल त्यानंतर.

आता हे वेळापत्रक पिकाशेजारी ठेवा. कापणी एप्रिल-मेमध्ये. चांगल्या वर्षी धान्य नव्या पिकापर्यंत कसंबसं पुरतं. वाईट वर्षी ते जुलै-ऑगस्टमध्येच संपतं. म्हणजे घरात सगळ्यात मोठी तंगी नेमकी परीक्षेच्या दिवसांत आणि त्याच्या पुढे, जानेवारीत, नव्या वर्षाची फी, गणवेश आणि वह्या घ्यायच्या वेळी. एप्रिल २०२४ मध्ये दुष्काळ जाहीर झाला, तेव्हा मुलं अजून शाळेत होती. गळती मोजायची तर ती जानेवारी २०२५ मध्ये मोजायला हवी होती.

अशा महिन्यांत घरात काय शिजतं? बिंगात चिंचेची झाडं पुष्कळ. एरवी तिची आंबट पेज आवडीनेही खातात. पण पीठ संपलं की तिच्यात पीठ जवळजवळ नसतंच. चिंच भिजत घालून कोळ काढायचा, तो उकळायचा, आणि नुसता पोटात घालवणार नाही इतका आंबट असतो म्हणून त्यात चुलीतली राख मिसळायची. राखेच्या क्षाराने आंबटपणा मरतो. गोरखचिंचेच्या फळातला पांढरा गरही असाच पेजेत जातो. यातून जीवनसत्त्वं मिळतात, पण दहा किलोमीटर चालून वर्गात डोकं चालवायला जे बळ लागतं, ते यातून येत नाही.

त्यात भाषेचा जुना प्रश्न. टोंगा मुलांना वर्षानुवर्षं शोना किंवा एन्डेबेले बोलणाऱ्या शिक्षकांकडून शिकावं लागलं. सातवीला टोंगा हा परीक्षेचा विषय म्हणून पहिल्यांदा आला तो २०११ मध्ये. निकालाच्या याद्यांत बिंगाच्या शाळा तळाशी दिसतात, तेव्हा हा सगळा हिशेब त्या टक्केवारीत धरलेला नसतो.

## फी, शेळी आणि मक्याचं पोतं

१९८० मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर झिम्बाब्वेने प्राथमिक शिक्षण मोफत केलं. १९७९ मध्ये प्राथमिक शाळांत सुमारे ८ लाख मुलं होती, १९८० च्या दशकाच्या मध्याला ती २२ लाखांच्या आसपास गेली. आफ्रिकेतली ही फार मोठी कामगिरी होती आणि ती विसरू नये. पण शाळेची इमारत, खडू, दुरुस्ती यांची वर्गणी गावातल्या पालकांवरच राहिली, आणि पुढे सरकारचा हात आखडत गेला तशी ती वाढली.

ही वर्गणी खेड्यात रोखीने येत नाही, शेळीतून येते. २०१७ मध्ये तत्कालीन शिक्षणमंत्री लाझारस डोकोरा यांनी पैसे नसतील तर शाळांनी पालकांकडून जनावरं किंवा श्रम घ्यावेत असं सुचवलं, तेव्हा शहरात टीका झाली. पण खेड्यात शेळी म्हणजेच बँकेतली ठेव. दुष्काळात नेमकी ही ठेव आटते. चारा नाही म्हणून सगळे एकाच वेळी शेळ्या बाजारात आणतात, भाव पडतो, आणि मक्याचा भाव त्याच वेळी चढतो. ज्या शेळीत एरवी मकाही यायचा आणि फीही निघायची, तिच्यात आता मकासुद्धा पुरेसा येत नाही. कुटुंब आधी धान्य घेतं. कुणीही तेच करील.

## पण फीसाठी मुलाला शाळेतून काढता येत नाही ना?

कायद्याने नाही. झिम्बाब्वेच्या २०१३ च्या राज्यघटनेत मूलभूत शिक्षणाचा हक्क आहे, आणि २०२० च्या शिक्षण कायद्यातल्या दुरुस्तीनुसार फी थकली म्हणून किंवा मुलगी गरोदर राहिली म्हणून शाळेतून काढता येत नाही. गरीब आणि अनाथ मुलांची फी भरणारी ‘बीम’ नावाची सरकारी योजना २००१ पासून आहे.

अडचण अशी की योजनेचे पैसे शाळांपर्यंत उशिरा पोचतात, आणि दूरच्या शाळेला त्या वर्गणीशिवाय दुसरं उत्पन्नच नसतं. मुख्याध्यापकाने मुलाला घरी पाठवलं नाही, तरी परीक्षेची फी विषयागणिक भरावीच लागते. ती भरली गेली नाही तर मूल वर्गात बसतं आणि परीक्षेला बसत नाही. हजेरीपटावर त्याचं नाव असतं, म्हणून गळतीच्या आकड्यात ते येतच नाही.

## मुलींचं काय होतं

झिम्बाब्वेत लग्नात मुलाकडून मुलीच्या घरी गुरं किंवा पैसे दिले जातात. त्याला लोबोला म्हणतात, आपल्याकडे काही समाजांत पूर्वी देज द्यायचे तसं. २०२० साली तीन अर्थशास्त्रज्ञांनी दुष्काळ आणि बालविवाह यांचा संबंध तपासला. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत दुष्काळाच्या वर्षी अल्पवयीन मुलीचं लग्न होण्याची शक्यता ३ टक्क्यांनी वाढते, आणि भारतात ती ४ टक्क्यांनी घटते. तिथे लग्नातून घरात काही येतं, आपल्याकडे हुंड्यापायी घरातून जातं. आटलेल्या घराने दोन्हीकडे हिशेबच केला. मला हा निष्कर्ष फार अस्वस्थ करतो, कारण दोन्ही ठिकाणी मुलीच्या शाळेचं काय, हा प्रश्न त्या हिशेबात कुठेच नसतो.

जानेवारी २०१६ मध्ये झिम्बाब्वेच्या घटनात्मक न्यायालयाने १८ वर्षांखालचं लग्न बेकायदा ठरवलं आणि २०२२ मध्ये तसा कायदाही झाला. तरीही तंगीच्या दिवसांत कायद्याचा हात मासेमारीच्या तळापर्यंत किंवा आतल्या वाडीपर्यंत पोचणं कठीण जातं.

## पाऊस आला की सगळं सुरळीत होत नाही का?

मोठ्यांचं बऱ्याच अंशी होतं. लहानांचं नाही. याचा सगळ्यात भक्कम पुरावा झिम्बाब्वेतूनच आलेला आहे, बिंगाबाहेरच्या ग्रामीण भागांतून. बिल किन्सी या अभ्यासकाने १९८० च्या दशकात तिथल्या काही कुटुंबांतल्या मुलांची उंची मोजली होती. पुढे २००० साली तीच मुलं, आता तरुण झालेली, शोधून पुन्हा मोजली. त्यातली काही १९८२ ते १९८४ च्या दुष्काळात अगदी लहान होती. अभ्यासकांनी काढलेला हिशेब असा: लहानपणी त्यांची वाढ सुस्थितीतल्या देशांतल्या मुलांसारखी झाली असती तर ती ३.४ सेंटिमीटर उंच झाली असती, सहा महिने आधी शाळेत गेली असती आणि जवळपास एक इयत्ता जास्त शिकली असती.

१९९४-९५ च्या दुष्काळानंतर १२ ते २४ महिन्यांच्या मुलांची वाढ दीड-दोन सेंटिमीटरने कमी भरली. हेच वय सगळ्यात नाजूक, कारण दूध सुटत असतं आणि शरीर-मेंदू झपाट्याने वाढत असतात. त्याहून मोठ्या मुलांवर इतका परिणाम दिसला नाही. म्हणजे शाळेवर सगळ्यात खोल परिणाम होतो तो दुष्काळाच्या वर्षी शाळेत नसलेल्या मुलांवर.

## मग उपयोगी काय पडतं

शाळेतलं जेवण. मूल शाळेत येतं, घरातल्या धान्यातून एक तोंड कमी होतं, आणि मुलीला घरी ठेवण्याचं एक कारण सुटतं. झिम्बाब्वेत सरकार आणि मदतसंस्था हे जेवण देतात, पण ते कधी सुरू तर कधी बंद. रचनाही अशी की धान्य बाहेरून येतं, आणि पाणी, सरपण, रांधणारे हात पालकांनी आणायचे. बोअरवेल आटलेल्या शाळेत धान्याची पोती येऊनही चूल पेटत नाही. म्हणून जेवणाच्या योजनेत पंपाची दुरुस्ती आणि खोल बोअर धरलेली असायला हवी.

दुसरं, वेळ. एल निनोचा अंदाज २०२३ च्या मध्यापासून हातात होता. तेव्हाच परीक्षेच्या फीची तरतूद केली असती, शेळ्यांचे भाव पडण्याआधी थोडी रोख रक्कम कुटुंबांना दिली असती, तर ती मदत आपत्ती जाहीर झाल्यानंतर आलेल्या पोत्यांपेक्षा स्वस्तात पडली असती.

आणि तिसरं, धाकटी मुलं. २०२४ मध्ये जे मूल दीड वर्षाचं होतं, ते बिंगात जानेवारी २०२९ मध्ये पहिलीत येईल. दूध सुटण्याच्या वयात राख घातलेली चिंचेची पेज ज्याच्या वाट्याला आली, ते उशिरा येईल, कदाचित ठेंगणं असेल, कदाचित मागच्या बाकावर बसेल. त्या वर्षी पाऊस चांगला झालेला असला तरी त्या वर्गाला जेवण, आणि त्या मुलांची भाषा बोलणारा शिक्षक, लागणारच आहे. त्याची तरतूद आतापासून करायची आहे.